घरांतील नळाची तोटी : तिची रचना व ती बसविण्याची रीति

आपल्या नित्य व्यवहारांतील ज्या वस्तूंकडे त्या बिघडल्याखेरीज आपण कधींच लक्ष देत नाहीं, त्यांत नळाच्या तोटीचा क्रमांक बराच वर लागेल. पहांटे तोंड धुण्यापासून रात्रीं निजण्यापूर्वीं पाण्याचा तांब्या भरून ठेवीपर्यंत घरांतील प्रत्येक माणसाचा हात तिला दहा-वीस वेळां तरी लागतो. ती एका बाजूस पिळली कीं पाणी येतें व दुसऱ्या बाजूस पिळली कीं बंद होतें, एवढेंच तिच्याविषयींचें आपलें ज्ञान. एके दिवशीं ती गळूं लागते, किंवा घरांत नवी मोरी बांधावयाची असते. मग कारागीर येतो, तासाभरांत आपलें काम उरकतो आणि पैसे घेऊन जातो. त्यानें काय केलें हें आपणांस समजत नाहीं, आणि तें चांगलें केलें कीं वाईट हेंही ओळखतां येत नाहीं. विज्ञानाच्या तासाला द्रवाचा दाब, मळसूत्र व वक्रनलिका हीं प्रकरणें शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तरी हें अज्ञान शोभत नाहीं. कारण हीं तिन्ही प्रकरणें त्याच्या घरच्या मोरींतच एकत्र नांदत असतात. तीं कशीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तोटीचा पूर्वेतिहास

लांबचें पाणी नळानें आणण्याची कला आपल्या देशांत नवी नव्हे. औरंगाबादेस मलिक अंबर यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं बांधविलेली नहर, आणि पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून शहरांतील हौदांपर्यंत आणलेलें पाणी, हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें होत. परंतु तें पाणी हौदांत पडे आणि लोक तेथून घागरींनीं भरून नेत. बंद नळांत दाबाखालीं कोंडलेलें पाणी थेट घरांत आणावयाचें, हवें तेव्हां सोडावयाचें आणि नको तेव्हां थेंबही न सांडतां थांबवावयाचें, हा प्रश्न पुढें शहरें वाढूं लागलीं तेव्हां उभा राहिला. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं येऊं लागलें. त्यानंतर १८७९ मध्यें तुळशी व १८९२ मध्यें तानसा हे तलाव त्याच्या मदतीस आले. पाण्याबरोबर लोखंडी नळ आले आणि नळांबरोबर पितळी तोट्या आल्या.

त्यापूर्वीं युरोपांत जी तोटी प्रचारांत होती, ती म्हणजे आडव्या नळींत बसविलेली एक भोंकाची खुंटी होय. खुंटी पाव फेरा फिरविली कीं तिचें भोंक नळीशीं जुळे व पाणी वाहूं लागे. ती लवकर झिजे, आणि एकाएकीं बंद होत असल्यामुळें नळास मोठा हिसका बसे. १८४५ सालीं इंग्लंडांतील रॉदरहॅम या गांवच्या एडवर्ड क्राइम्झ यानें मळसूत्रानें हळूहळू मिटणाऱ्या तोटीचें पेटंट घेतलें. आज आपल्या मोऱ्यांतून व अंगणांतून जी साधी पितळी तोटी दिसते, ती याच तोटीची वंशज आहे.

नळ बसविणाऱ्या कारागिरास आपण ‘प्लंबर’ म्हणतों. हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘प्लंबम’, म्हणजे शिसें, यापासून निघाला. कारण रोमन लोकांचे नळ शिशाचे असत. शिसें मऊ व वांकविण्यास सोपें खरें, परंतु तें विषारी आहे. विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यविशारदानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच शिशाच्या नळांपेक्षां मातीच्या नळांतील पाणी अधिक आरोग्यकारक असतें, असें लिहून ठेविलें होतें. शहाणपण सांगितलें जाणें आणि तें आचरणांत येणें यांमध्यें किती काळ लोटतो पहा! अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या तोट्यांतील पाण्याला लागणाऱ्या भागांत शिशाचें प्रमाण सरासरी शेंकडा ०·२५ पेक्षां अधिक असूं नये, हा नियम २०१४ सालीं अमलांत आला.

तोटीच्या पोटांत काय असतें?

साध्या तोटीचें अंग पितळेचें, म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचें असतें, आणि त्यावर निकेल व क्रोमियम यांचा चकचकीत मुलामा असतो. अंगाच्या आंत एक पडदा असून त्यास वाटोळें भोंक असतें. त्या भोंकाच्या कांठास ‘बैठक’ म्हणावें. वरची मूठ पिळली कीं मळसूत्राचा दांडा खालीं उतरतो व त्याच्या टोंकाची रबरी चकती बैठकीवर दाबून बसते. कारागीर या चकतीस ‘वायसर’ म्हणतात. मळसूत्रामुळें बोटांच्या थोड्याशा जोरानें चकतीवर पुष्कळ दाब पडतो आणि पाण्याची वाट पुरती मिटते. मूठ उलट पिळली कीं दांडा वर येतो व पाणी चकतीला उचलून वाहूं लागतें.

यावरून तोटी कां गळते तेंही उघड होतें. रबर कालांतरानें कडक होतें व त्यावर बैठकीचा चर उमटतो. मग तोटी मिटण्यासाठीं आपण अधिक जोर करतों. त्या जोरानें चर अधिक खोल होतो. शेवटीं पाणी फटीमधून सतत वाहून बैठकीसही खांचा पाडतें, आणि मग नुसती चकती बदलून भागत नाहीं. चकती वेळींच बदलली असती, तर चार-आठ रुपयांत काम झालें असतें. म्हणून गळणारी तोटी जोरानें आवळणें हा उपाय नसून रोग वाढविण्याचाच मार्ग आहे, हें घरांतील लहान-थोरांनीं ध्यानांत ठेवावें.

अलीकडे पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या तोट्या फार प्रचारांत आल्या आहेत. त्यांत रबरी चकती नसून चिनी मातीसारख्या अतिशय कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसविलेल्या असतात. दोन्हींस भोंकें असतात; तीं जुळलीं कीं पाणी येतें, हटलीं कीं थांबतें. या चकत्या वर्षानुवर्षें टिकतात, परंतु त्यांचा एक शत्रु आहे, तो म्हणजे रेती. नळांतून आलेला वाळूचा एक कण दोन चकत्यांमध्यें सांपडला, तर त्यांवर ओरखडा उमटतो व नवी तोटी महिन्याभरांतच झिरपूं लागते. म्हणून अशी तोटी बसविण्यापूर्वीं नळ धुऊन काढणें अवश्य आहे.

एका थेंबाचें गणित

गळणाऱ्या तोटीखालीं एक लहान भांडें ठेवून शंभर थेंब मोजावेत व तें पाणी प्रयोगशाळेंतील मोजपात्रांत ओतून पहावें. थेंबाचा आकार तोटीच्या तोंडाप्रमाणें कमीजास्त होतो. समजा, दहा थेंबांचें एक मिलिलिटर भरलें आणि दर सेकंदास एक थेंब पडत असला. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां एका दिवसांत ८,६४० मिलिलिटर, म्हणजे साडेआठ लिटरांहून अधिक पाणी गेलें. वर्षाचा हिशेब केल्यास तो तीन हजार लिटरांच्या वर जातो.

हें पाणी थोडें कीं फार? २०१९ सालीं केंद्र सरकारनें जलजीवन मोहीम सुरू केली, तेव्हां भारताच्या ग्रामीण भागांतील सुमारें सव्वातीन कोटी घरांतच, म्हणजे शंभरांतील सतरा-अठरा घरांत, नळ होता. त्या मोहिमेनें दर माणशीं दर दिवशीं ५५ लिटर पाणी हें ध्येय ठरविलें. म्हणजे आपली एक आळशी तोटी एका माणसाच्या वांट्याचा जवळजवळ सहावा हिस्सा रोज गटारांत सोडीत असते. उन्हाळ्यांत दुष्काळी गांवांतील मुली डोक्यावर हंडा घेऊन चालत असतात, त्या वेळीं या हिशेबाला नुसत्या अंकगणितापेक्षां अधिक अर्थ येतो.

तोटी निवडण्यापूर्वीं

तोटी विकत घेण्यापूर्वीं दुकानांतील चकाकी न पाहतां आपल्या घरचा दाब पहावा. पाण्याच्या दहा मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम असतो. गच्चीवरील टांकींतील पाण्याची पातळी तोटीपासून बारा मीटर उंच असली, तर तोटीशीं सव्वा किलोग्रॅमच्या आसपास दाब मिळतो. पण वरच्या मजल्यावर हीच उंची तीन मीटर असली, तर दाब अवघा ०·३ किलोग्रॅम होतो. एकाच इमारतींत तळमजल्याच्या नळास धो धो पाणी व वरच्या मजल्यावर बारीक धार, याचें कारण हेंच. कमी दाबाच्या घरांत अरुंद वाटांची, नक्षीदार, अधिक दाबासाठीं बनविलेली तोटी बसविल्यास बादली भरण्यास पाऊण घटका लागावयाची! तेथें रुंद वाटेची साधी तोटीच बरी.

दुसरी गोष्ट आट्यांची. नळाच्या टोंकावर जें मळसूत्र कापलेलें असतें, त्याच्या चऱ्यांना आटे म्हणतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें १८४१ सालीं आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें. त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत व एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास लागत नसे. आपल्याकडील नळांचे आटे व्हिटवर्थच्याच पद्धतीवर आहेत. अर्धा इंची नळास दर इंचास १४ आटे असतात व त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. गंमत अशी कीं, त्या ‘अर्धा इंची’ आट्यांचा बाहेरील व्यास मोजला तर तो सुमारें २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक भरतो. कारण हें नांव नळाच्या आंतील पोकळीवरून पडलेलें आहे. अमेरिकन अर्धा इंची नळासही दर इंचास १४ च आटे असतात, परंतु त्यांचा कोन ६० अंशांचा असतो. म्हणून परदेशच्या आप्तांनीं हौसेनें पाठविलेली तोटी दोन फेरे नीट जाते, मग अडते, आणि जबरदस्ती केल्यास कायमची गळते.

तिसरी गोष्ट, तोटीच्या अंगावर भारतीय मानकाचा ‘आय. एस. आय.’ शिक्का आहे कीं नाहीं तें पहावें, आणि तोटी हातांत घेऊन तिचें वजन अजमावावें. चकचकीत पण हलकी तोटी बहुधा पातळ अंगाची अथवा हिणकस धातूची असते. तिचे आटे पान्ह्याखालीं तुटतात आणि तुटलेला तुकडा भिंतींत अडकून बसतो.

बसविण्याची रीति

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. मोरीच्या भिंतींतील जुनी तोटी काढून नवी बसवावयाची आहे असें समजूं. साहित्य थोडेंच लागतें : एक पाइप-पान्हा, एक सरकत्या जबड्याचा पान्हा, टेफ्लॉनची पांढरी पट्टी, जुना दांत घासण्याचा ब्रश, फडकें व बादली.

प्रथम टांकीकडून येणाऱ्या नळाचा मुख्य झडप-नळ बंद करावा आणि घरांतील सर्वांत खालची तोटी उघडून नळांतील पाणी वाहूं द्यावें. घरांतील मंडळींस तशी आगाऊ सूचना द्यावी. नाहींतर कोणी अंगास साबण लावून बसलेला असावयाचा! मग एका पान्ह्यानें भिंतींतील जोड घट्ट धरावा व दुसऱ्या पान्ह्यानें जुनी तोटी डावीकडे फिरवून सोडवावी. दोन पान्हे कां? एकट्या तोटीस जोर लावला, तर तो जोर भिंतीच्या आंतील कोपरापर्यंत पोंचतो आणि जेथें डोळा पोंचत नाहीं तेथें जोड सुटतो.

या बाबतींत प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या घरीं घेतलेला धडा सांगण्यासारखा आहे. कारागिरास बोलावण्याचा खर्च वांचवावा म्हणून मी एकाच पान्ह्यानें तोटी बदलली. ती किंचित् वांकडी बसली होती, म्हणून आणखी थोडी आवळली. तोटी सरळ झाली, एक थेंबही गळेना, आणि मला मोठा अभिमान वाटला. महिन्याभरानें शेजारच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर ओल उमटली. भिंत फोडून पाहतां आंतील कोपरास केसासारखी चीर गेलेली आढळली. शंभर-दोनशे रुपये वांचविण्याच्या नादांत माझी फरशी गेली, शेजाऱ्याचा रंग गेला, आणि क्षमा मागण्याचा प्रसंग आला तो निराळाच. जोर आणि कसब यांतील अंतर मला त्या दिवशीं कळलें.

असो. तोटी निघाल्यावर आंतील आटे ब्रशानें घासून जुनी पट्टी व गंज काढावा. नंतर नळाच्या तोंडाशीं बादली धरून मुख्य झडप क्षणभर उघडावी, म्हणजे नळांतील रेती व गंजाचे कण वाहून जातात. घाईच्या कामांत हीच पायरी प्रथम गाळली जाते, आणि नव्या तोट्या लवकर बिघडण्याचें तेंच एक मोठें कारण असतें.

आट्यांत कितीही नेमकेपणा असला तरी दोन धातूंमध्यें सूक्ष्म फट राहतेच. ती बुजविण्यासाठीं पूर्वीं तागाचे धागे व सफेदा वापरीत. जुना सफेदा म्हणजे शिशाचा क्षार. तेव्हां पिण्याच्या पाण्याच्या जोडास तो मुळींच लावूं नये. आतां टेफ्लॉनची पट्टी सर्वत्र मिळते. तोटीचें आट्यांचें तोंड आपल्याकडे धरून पट्टी घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें गुंडाळावी, म्हणजे तोटी फिरवितांना ती उलगडत नाहीं, उलट अधिक आवळली जाते. पहिला आटा मोकळा सोडावा, नाहींतर पट्टीचे तुकडे पाण्यांत जाऊन जाळींत अडकतात. आटे किती सैल आहेत हें पाहून आठपासून पंधरापर्यंत वेढे द्यावे व पट्टी ताणून बोटानें दाबून बसवावी.

भिंतीजवळ बसणारी झांकणाची वाटी आधीं तोटीवर चढवावी. मग तोटी हातानेंच तीन-चार फेरे आंत घालावी. ती सहज गेली तर आटे नीट जुळले असें समजावें. अडखळली तर पान्हा न लावतां बाहेर काढून पुन्हां प्रयत्न करावा. त्यानंतर मुलाम्यावर ओरखडा पडूं नये म्हणून फडकें गुंडाळून पान्ह्यानें आवळावी व तोटीचें तोंड खालीं येतांच थांबावें. तोंड थोडें पुढें गेलें म्हणून तोटी उलट फिरवून सरळ करूं नये. कारण मागें फिरतांच पट्टीची बैठक मोडते व जोड झिरपूं लागतो. तसें झाल्यास तोटी काढून नवी पट्टी गुंडाळावी. यास पांच मिनिटें अधिक लागतात, पण भिंत वांचते.

शेवटीं मुख्य झडप हळूहळू उघडावी. जोडाभोंवतीं कोरडा कागद फिरवून पहावा. सूक्ष्म ओल डोळ्यांपेक्षां कागदास लवकर कळते. पाव तासानें पुन्हां पहावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी एकदां.

स्वयंपाकघर व न्हाणीघर

स्वयंपाकघरांत तोटी किती उंचीवर असावी, याचें उत्तर पुस्तकांत नसून आपल्या मांडणीवर आहे. घरांतील सर्वांत उंच हंडा किंवा कुकर कुंडींत ठेवून पहावा आणि त्याच्यावर चार बोटें जागा राहील अशी तोटी ठेवावी. धार कुंडीच्या मध्याजवळ पडावी. फार मागें पडल्यास भिंत भिजते व फार पुढें पडल्यास भांडीं घासणाऱ्याचे कपडे भिजतात. न्हाणीघरांत बादली व तांब्या यांचें माप घ्यावें. घरांत वृद्ध माणूस असेल तर वांकावें लागूं नये व ओली मूठ हातांतून निसटूं नये, याचाही विचार व्हावा. त्यांच्यासाठीं गोल मुठीपेक्षां लांब दांड्याची तोटी अधिक सोयीची असते.

बेसिनवर उभ्या बसणाऱ्या तोटीची रीति थोडी निराळी आहे. ती खालून नटानें आवळतात, आणि भिंतींतील छोट्या झडप-नळापासून तिला लवचीक नळी जोडतात. या नळीच्या टोंकांत रबरी चकती असते व पाणी अडविण्याचें काम आटे करीत नसून ती चकती करते. म्हणून तेथें टेफ्लॉनची पट्टी लागत नाहीं, व हातानें आवळून वर पाव फेराच पुरतो. अधिक आवळल्यास चकती कापली जाते. नळीस पीळ पडूं देऊं नये.

थंड व ऊन पाणी एका तोंडांतून देणारी मिश्रक तोटी आतां पुष्कळ घरांत आली आहे. तिच्या उत्पत्तीची कथा विद्यार्थ्यांस आवडण्यासारखी आहे. १९३७ सालीं ॲल मोएन हा अमेरिकन विद्यार्थी हात धूत असतां एकाएकीं आलेल्या ऊन पाण्याचा त्यास चटका बसला. इतर लोक हात झटकून विसरले असते. यानें एकाच दांड्यानें दोन्ही पाणी नेमक्या प्रमाणांत मिसळणारी तोटी योजण्याचा ध्यास घेतला. तशी तोटी बाजारांत येण्यास १९४७ साल उजाडलें. दहा वर्षें एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविणें हेंच संशोधन होय.

भिंतीवरील मिश्रक तोटीच्या दोन नळांच्या मध्यांमधील अंतर साधारणतः १५० मिलिमीटर ठेवतात. थोडा फरक पडल्यास वांकड्या पायांच्या जोडांनीं तो सांवरतां येतो. दोन्ही तोंडें पाणसळ लावून एका पातळींत घ्यावीं. ऊन पाणी डावीकडे व थंड उजवीकडे, हा संकेत पाळावा. तो मोडल्यास पाहुण्याचा हात भाजतो. ऊन पाण्याच्या वाटेवर साधा पी. व्ही. सी. नळ कधींही घालूं नये, तो उष्णतेनें मऊ पडतो, सी. पी. व्ही. सी., तांब्याचा किंवा योग्य असा दुसरा नळ घ्यावा. पाणी तापविण्याच्या यंत्राची सुरक्षा-झडप कोणी गळते म्हणून बुजवूं नये, आणि त्याच्या विजेच्या जोडणीस भूमिजोड असल्याची खात्री विजेच्या जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी.

न दिसणारा धोका

आतां सर्वांत महत्त्वाचा विचार. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीची सांथ आली असतां डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून तिचें मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यांत आहे असें दाखविलें, व त्या पंपाचा दांडा काढविला. स्वच्छ दिसणारें पाणीही मृत्यु वाहून आणूं शकतें, हें तेव्हांपासून जगास पटूं लागलें. नळ आले म्हणून तो धोका संपला असें मात्र नाहीं.

आपल्या पुष्कळ गांवांत नळास पाणी ठराविक वेळींच येतें. पुरवठा थांबला कीं नळांतील पाणी सखल भागाकडे ओसरतें व नळांत शोषण उत्पन्न होतें. अशा वेळीं तोटीस लावलेल्या रबरी नळीचें टोंक धुण्याच्या बादलींत किंवा मोरीच्या खळग्यांत बुडालेलें असेल, तर वक्रनलिकेच्या न्यायानें तें घाण पाणी उलट नळांत ओढलें जातें. आणि पुन्हां पाणी सुटलें कीं तेंच आपल्या अथवा शेजाऱ्याच्या पिण्याच्या भांड्यांत येतें. यावर उपाय अगदीं सोपा आहे. तोटीचें तोंड कुंडीच्या कांठापेक्षां वर असावें. त्यांमधील मोकळें अंतर तोटीच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर, ठेवावें. हवा शोषली जाईल, घाण पाणी शोषलें जाणार नाहीं. रबरी नळी वापरून झाली कीं काढून ठेवावी. दोन बोटें मोकळ्या हवेच्या या पडद्यास कांहींच खर्च पडत नाहीं, पण तो सबंध आळीचें रक्षण करतो.

कोणतें काम कोणाचें?

चकती बदलणें, जाळी धुणें, बाहेरील साधी तोटी बदलणें हीं कामें दोन पान्हे व धीर असलेल्या मोठ्या विद्यार्थ्यानें वडील माणसांच्या देखरेखीखालीं करण्यास हरकत नाहीं. परंतु भिंतींत पुरावयाचे नळ, ऊन पाण्याची जोडणी व तुटलेले आटे काढणें हीं कामें अनुभवी कारागिराचींच होत. त्याचें काम पारखण्याच्या चार खुणा सांगतों. तो आधीं दाब व मुख्य झडप कोठें आहे हें विचारतो. नवी तोटी चढविण्यापूर्वीं नळ धुऊन घेतो. भिंतीस गिलावा करण्यापूर्वीं नळांत दाबाचें पाणी भरून ठेवून सर्व जोड तपासतो. आणि काम झाल्यावर मुख्य झडप कशी बंद करावी हें घरच्या माणसांस दाखवून मगच निरोप घेतो. ज्याच्या ठायीं या चार गोष्टी आहेत, त्याच्याशीं मजुरीबद्दल फार घासाघीस करूं नये.

समारोप

पाण्याच्या बाबतींत आपल्या समाजाचा पूर्वेतिहास फार उज्ज्वल नाहीं. १८६८ सालीं महात्मा जोतीराव फुले यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बंधूंसाठीं खुला करावा लागला, आणि १९२७ सालीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना महाड येथें चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. याकोबाच्या विहिरीजवळ प्रभु येशूनें शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितलें, तेव्हां तिलाही प्रथम आश्चर्यच वाटलें होतें. पाणी कोणी द्यावें व कोणी घ्यावें, या भेदांनीं मनुष्यानें मनुष्यास फार दुखविलें आहे. नळाची तोटी मात्र पिळणाऱ्या हाताची जात विचारीत नाहीं.

ती तोटी बसविणाऱ्या हाताकडेही आपण त्याच दृष्टीनें पहावयास नको काय? मोरींत गुडघे टेकून, घाण पाण्यांत हात घालून काम करणारा कारागीर आपल्या घराचें आरोग्य राखीत असतो. तो आला असतां त्यास उंबऱ्याबाहेरून हुकूम न करतां घरांत बोलवावें, प्यावयास स्वच्छ पेल्यांत पाणी द्यावें, त्याचें काम जवळ उभें राहून पहावें आणि समजलें नाहीं तें नम्रपणें विचारावें. त्याच्यापाशीं शिकण्यासारखें पुष्कळ असतें. आणि आज सायंकाळीं घरीं गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्यानें दोन गोष्टी कराव्या : घराची मुख्य झडप कोठें आहे तें शोधून काढावें, व रात्रीं सर्व निजल्यावर क्षणभर मोरीजवळ कान देऊन उभें रहावें. टप् टप् असा आवाज ऐकूं आला, तर या लेखाचा उपयोग करण्याची वेळ आली असें समजावें.